पोर्ट फॉरवर्ड केलंय, तरी घरचा सर्व्हर बाहेरून उघडत नाही (केबलवाल्याचं फायबर, दोन राउटर)

माळ्यावरची_निगेटिव्ह · रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. चार दिवस रोज दुकान बंद केल्यावर हेच करत बसतेय. आता डोकं चालेनासं झालंय, म्हणून विचारते.

कशासाठी चाललंय ते आधी सांगते, नाहीतर पहिलाच सल्ला "गूगल फोटोजवर टाकून मोकळ्या व्हा" असा येईल. चिपळूणला आमचा फोटो स्टुडिओ आहे, सासऱ्यांनी सुरू केलेला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आत शिरलं आणि खालचं सगळं गेलं. अल्बम, दोन कॉम्प्युटर, आणि बॅकअपच्या हार्ड डिस्कसुद्धा, कारण त्या त्याच टेबलाच्या खणात होत्या. वाचल्या त्या माळ्यावरच्या निगेटिव्ह, पत्र्याच्या ट्रंकांत आणि बिस्किटांच्या डब्यांत. निम्म्यांना बुरशी. तेव्हापासून मी त्या पुसून स्कॅन करतेय, साडेअकरा हजार झाल्या. लोक येतात, "वहिनी, आमच्या आईच्या लग्नातला एखादा सापडतो का बघा, आमचे सगळे पुरात गेले." त्यांना लिंक पाठवता यावी, त्यांनी घरबसल्या ओळखून सांगावं कोण कोण आहे, एवढंच हवंय.

सामान असं: एका ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप, ४ टीबीच्या दोन डिस्क, उबंटू, डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या खोक्यात चालवायची सोय) इमिच, म्हणजे आपल्याच सर्व्हरवरचं गूगल फोटोजसारखं. सर्व्हर वरच्या मजल्यावर आहे, आता खाली काही ठेवत नाही. केबलवाल्याचं फायबर आहे. त्याचा डबा खाली दुकानात, त्यातून वायर वर आलीय माझ्या स्वतःच्या राउटरला, कारण त्याचं वायफाय वर पोचत नाही. सर्व्हर माझ्या राउटरला वायरने जोडलाय.

माझ्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम केला (बाहेरून अमुक पोर्टवर, म्हणजे अमुक नंबराच्या दारावर, कुणी आलं तर आतल्या अमुक यंत्राकडे पाठव): बाहेरचं २२८३, आतलं २२८३, पत्ता १९२.१६८.०.३४. घरातून १९२.१६८.०.३४ ला २२८३ लावून टाकलं की फोटो येतात. "माझा आयपी काय" असं शोधून जो पत्ता मिळाला, तो २२८३ लावून टाकला की बराच वेळ फिरतं आणि मग काहीच नाही. पोर्ट तपासणाऱ्या साइटवर "बंद" येतं. एक विचित्र गोष्ट म्हणजे तोच पत्ता नुसता टाकला, पोर्ट न लावता, तर कुठल्यातरी राउटरचं लॉगिनचं पान उघडतं, पण ते ना माझ्या राउटरचं, ना केबलवाल्याच्या डब्याचं. मी आमच्याच घरात कुणाच्या दारात उभी आहे हेच कळेना.

आणखी एक. दुकानातला सीसीटीव्ही माझे यजमान रत्नागिरीला गेले तरी मोबाइलवर बघतात. त्याचं बाहेरून चालतं, मग माझं का नाही?


उत्साही_अर्धवट · रविवार, रात्री ११:४१

सोप्पं आहे ताई. फायरवॉल अडवतोय. सर्व्हरवर यूएफडब्ल्यू (उबंटूचा फायरवॉल) बंद करा आणि राउटरमध्ये डीएमझेड नावाचं असतं, त्यात १९२.१६८.०.३४ टाका. सगळी पोर्ट एकदम उघडतात. माझं असंच झालं होतं.


माळ्यावरची_निगेटिव्ह · सोमवार, रात्री १२:०५

केलं दोन्ही. तसंच.


पॅकेटमास्तर · सोमवार, सकाळी ७:५०

ताई, तुमचं ते परकं लॉगिन पान म्हणजे जवळजवळ निदानच आहे, पण अंदाजाने बोलत नाही, दोन गोष्टी करून बघा.

पहिली: पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचतंय का ते बघा. सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम) लावा, फक्त २२८३ पोर्टसाठी, आणि स्क्रीन तशीच चालू ठेवा. मग मोबाइलचं वायफाय बंद करून सिमच्या डेटावरून तो बाहेरचा पत्ता उघडा. वायफाय बंद करायला विसरू नका. घरात बसून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर जायचं म्हटलं तर पुष्कळ राउटर ते पॅकेट वळवून आत आणतच नाहीत, मग चालणारी गोष्टही बंद वाटते. मोबाइलवरून धडका मारल्यावर स्क्रीनवर ओळी उमटल्या, तर दोष सर्व्हरचा किंवा फायरवॉलचा. एकही ओळ नाही आली, तर सर्व्हरला दोष देऊन उपयोग नाही, पॅकेट वाटेतच कुठेतरी मेलंय.

दुसरी: माझ्या राउटरच्या स्टेटस पानावर "वॅन" (म्हणजे बाहेरची बाजू) पुढे कोणता पत्ता आहे आणि केबलवाल्याच्या डब्याच्या तशाच पानावर कोणता आहे, ते बघून इथे लिहा. शेवटचे दोन आकडे खोडून लिहा.

(यूएफडब्ल्यू परत चालू करा. डॉकरने उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यूला विचारत नाही, ते त्याला बगल देऊनच जातं. म्हणजे फायरवॉल बंद करून तुमचा फायदा शून्य झाला, धोका मात्र वाढला.)

[दुरुस्ती: "माझ्या राउटरच्या" नव्हे, तुमच्या. सकाळचा पहिला चहा व्हायचा होता.]


माळ्यावरची_निगेटिव्ह · सोमवार, रात्री १०:३०

टीसीपीडंप लावलं. घरच्या वायफायवरून आतल्या पत्त्यावर गेले की ओळींचा धबधबा. सिमवरून बाहेरच्या पत्त्यावर गेले की चिडीचूप. भाच्याला मस्कतहून उघडायला लावलं, तरी एक ओळ नाही.

माझ्या राउटरचा वॅन: १९२.१६८.१.५
केबलवाल्याच्या डब्याचा वॅन: १००.७२ पासून सुरू होतो
"माझा आयपी काय" वर: १०३ पासून सुरू होतो

म्हणजे तीन पत्ते तीन तऱ्हेचे. पण १०० चा तरी खरा असेल ना? मी वाचलं होतं की १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हेच तेवढे घरगुती असतात.


उत्साही_अर्धवट · सोमवार, रात्री १०:३८

हो, १०० म्हणजे पब्लिकच.


पॅकेटमास्तर · सोमवार, रात्री ११:१५

नाही. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा सगळा पट्टा २०१२ मध्ये, आरएफसी ६५९८ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले कागद), खास इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या आतल्या वापरासाठी वेगळा काढला. ताईंनी वाचलेले तीन पट्टे १९९६ च्या आरएफसी १९१८ मधले. हा चौथा उशिरा आला, म्हणून बऱ्याच जुन्या लेखांत सापडत नाही. १००.७२ बरोबर त्यात बसतो.

मी पूर्वी एका लहान केबल इंटरनेटवाल्याकडे सहा वर्षं होतो, त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगतो. आयपीव्ही४ चे पत्ते एकूण ४२९ कोटी. जगाच्या मुख्य साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून झाले. आपल्या आशिया-पॅसिफिकला पत्ते वाटणाऱ्या एपनिककडचा नेहमीचा साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला संपला आणि तिथून रेशनिंग सुरू झालं. २०१९ पासून नव्या सभासदाला जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. आता तुमच्या केबलवाल्याकडे चार हजार घरं असतील तर तो काय करणार? शंभर घरांमागे एक खरा पत्ता लावतो. याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्या घरातला राउटर जे काम करतो तेच, पण गावाच्या पातळीवर, त्याच्या ऑफिसातल्या यंत्रात. तुम्हाला दिसलेलं परकं लॉगिन पान त्या यंत्राचं. (ते ग्राहकांना उघडं दिसतंय हे त्याला जरूर सांगा. तुमच्याआधी कुणी वाईट माणसाने बघितलं नसेल अशी आशा करू.)

आमच्या लहानपणी व्हिजिटिंग कार्डावर फोन नंबरापुढे "पीपी" छापलेलं असायचं, आठवतं? फोन शेजाऱ्यांचा. तिथे जाऊन तुम्ही कुठेही फोन लावू शकता, पलीकडचा बोलतो, काही अडत नाही. पण बाहेरून फोन आला तर शेजाऱ्याने हाक मारली तरच तुम्हाला कळणार. तुमचा १०३ चा नंबर पीपी आहे. शेजारी म्हणजे ते यंत्र, आणि त्याला "२२८३ साठी कुणी आलं तर वरच्या वहिनींना हाक मार" असं कुणी सांगितलेलंच नाही. तुम्ही आपल्या घरात कितीही नियम लिहा, ते शेजाऱ्याच्या भिंतीवर उमटत नाहीत.

शिवाय तुमच्याकडे मध्ये आणखी एक दार आहे. केबलवाल्याचा डबा स्वतःच राउटर म्हणून चालतोय आणि त्याच्या पोटात तुमचा राउटर. सीजीनॅट नसतं तरी नियम दोन्हीकडे लिहावा लागला असता.

सीसीटीव्हीचं उत्तरही यातच आहे. तुमचा डीव्हीआर बाहेरून फोन घेत नाही. तोच सतत कंपनीच्या सर्व्हरला फोन लावून बसलेला असतो, यजमानांचं अ‍ॅपही तिथेच फोन लावतं, आणि गाठ तिथे पडते.


माळ्यावरची_निगेटिव्ह · सोमवार, रात्री ११:५२

पीपी! आमच्या स्टुडिओच्या जुन्या पाकिटांवर आहे छापलेलं, समोरच्या किराणा दुकानाचा नंबर. सासरे सांगायचे, मुलाकडची मंडळी "फोटो झाले का" विचारायला फोन करायची आणि दुकानदार गिऱ्हाईक सोडून रस्त्यापलीकडून हाका मारायचा. पावसात ऐकूच जायचं नाही.

कळलं. म्हणजे चार दिवस मी रिकाम्या खोलीचं कुलूप दुरुस्त करत होते. आता मार्ग काय?


लाल_एसटी · मंगळवार, सकाळी ९:१०

मार्ग तीन-चार आहेत, मी सगळे वापरून सोडलेत.

फक्त घरच्यांना बघायचं असेल तर टेलस्केल (आपल्याच यंत्रांचं खाजगी जाळं करणारं अ‍ॅप). सर्व्हरवर आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर टाकायचं, पोर्ट वगैरे काही उघडावं लागत नाही, अर्ध्या तासात होतं. त्याचेही पत्ते त्याच १०० च्या पट्ट्यातले असतात, ते बघून परत घाबरू नका. पण गिऱ्हाइकाच्या ऐंशी वर्षांच्या आजीला "आधी हे अ‍ॅप टाका" कसं सांगणार? तुमच्या कामाचं नाही.

क्लाउडफ्लेअरचा टनेल: सर्व्हर आतून बाहेर फोन लावून ठेवतो, डीव्हीआरसारखाच, आणि लोक नेहमीच्या वेबसाइटसारखे येतात. डोमेन लागतं, बाकी फुकट. फुकटच्या योजनेत एका विनंतीत १०० एमबीपेक्षा जास्त चढवता येत नाही, म्हणजे बाहेरून मोठा व्हिडिओ टाकायला गेलात की अडणार. तुम्ही घरातूनच चढवता, त्यामुळे चालेल.

तिसरा, मुंबईतला एखादा स्वस्त व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) आणि तिथून घरापर्यंत वायरगार्डचा बोगदा. मी हेच करतो. खटपट जास्त, दर महिन्याचं भाडं.

आयपीव्ही६ मिळत असेल तर हा सगळा गोंधळच नाही, प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता. डब्याच्या स्टेटस पानावर बघा.


पॅकेटमास्तर · मंगळवार, सकाळी ९:४०

टनेल चांगला, पण फोटो त्यांच्याकडे उलगडून पुन्हा बंद होतात, म्हणजे मधल्या माणसाला दिसू शकतात. लोकांच्या आयांची लग्नं आहेत, ताईंनी ठरवावं. मी आधी केबलवाल्याला विचारेन. लहान पुरवठादाराचा हा एक फायदा असतो, मालकाचा मोबाइल नंबर आपल्याकडे असतो.


माळ्यावरची_निगेटिव्ह · मंगळवार, रात्री १०:००

आयपीव्ही६ च्या रकान्यात नुसत्या रेघा. केबलवाल्याला फोन केला. "पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही" म्हटलं तर म्हणाला राउटर बंद करून चालू करा. मग पॅकेटमास्तरांनी शिकवल्यासारखं म्हटलं, "दादा, मी सीजीनॅटमध्ये आहे, माझ्या डब्याचा वॅन १००.७२ आहे, मला स्टॅटिक आयपी पाहिजे." क्षणभर गप्प. मग म्हणाला, "मिळेल वहिनी, महिन्याला दोनशे जास्त. सीसीटीव्हीसाठी का?" म्हटलं, तुमच्याच लग्नाचे फोटो आहेत माझ्याकडे. शुक्रवारी माणूस पाठवतो म्हणाला.


पॅकेटमास्तर · मंगळवार, रात्री १०:२५

उत्तम. तो माणूस आला की डबा ब्रिज मोडवर टाकून घ्या (म्हणजे तो राउटर न राहता नुसता पूल होतो) आणि पीपीपीओईचं, म्हणजे केबलवाल्याकडे लॉगिन करायचं, नाव, पासवर्ड आणि त्याच्या लाइनचा व्हीलॅन नंबर कागदावर लिहून घ्या. मग लॉगिन तुमच्या राउटरमधून होईल आणि दुसरं दार जाईल. दोन वायफाय मात्र राहणार नाहीत, खाली दुकानात एखादा साधा अ‍ॅक्सेस पॉइंट लागेल. काम झाल्यावर एकच खूण बघा: तुमच्या राउटरचा वॅन आणि "माझा आयपी काय" दोन्हीकडे तोच पत्ता आला पाहिजे.


माळ्यावरची_निगेटिव्ह · शनिवार, सकाळी ८:१५

काल संध्याकाळी माणूस येऊन गेला. दोन्हीकडे तोच पत्ता! पण लिंक तरी उघडेना. रडू यायचं बाकी होतं. मग बघितलं तर दुपारी लाइट जाऊन आली होती आणि सर्व्हरला राउटरने नवा पत्ता दिला होता, १९२.१६८.०.४१. नियम मात्र ३४ कडेच बोट दाखवतोय. राउटरमध्ये सर्व्हरसाठी पत्ता राखून ठेवला, १९२.१६८.०.५०, नियमात तोच घातला, उत्साही_अर्धवट यांनी सांगितलेल्या डीएमझेडमध्येही तोच घातला, सिमवरून उघडलं... आले! भाच्याने मस्कतहून पहिला फोटो उघडला तो त्याच्याच आजीचा, पाटावर बसलेला. रात्री साडेअकरा वाजले होते. झोपले.

आज सकाळी सहज सर्व्हरचा लॉग बघितला. एसएसएचवर (दूरून सर्व्हर चालवायचं दार) रात्रभरात २,३४१ फसलेल्या लॉगिन. कुणी "रूट" म्हणून, कुणी "अ‍ॅडमिन", "टेस्ट". "पाय" नावाने कोण येतंय ते कळेना, मग शोधल्यावर कळलं की रास्पबेरी पायवाल्यांचं जुनं ठरलेलं नाव ते. माझ्या घरात कोण घुसायला बघतंय हे? पत्ता मिळून बारा तास नाही झाले.


पॅकेटमास्तर · शनिवार, सकाळी ८:२२

आधी डीएमझेड काढा. आत्ता. बाकीचं नंतर वाचा.

तुमच्यावर कुणाचा राग नाही. यंत्रं सगळे पत्ते ओळीने ठोठावत फिरत असतात, दिवसरात्र. इतके दिवस तुम्ही पीपीच्या मागे होता म्हणून त्यांना तुमचं दार सापडत नव्हतं. डीएमझेडही मेलेला नियम होता, म्हणून निरुपद्रवी. पत्ता खरा झाल्याबरोबर घरातला प्रत्येक विसरलेला नियम जिवंत होतो. हे मी तुम्हाला मंगळवारीच सांगायला हवं होतं, माझी चूक.

लॉगमध्ये "यशस्वी" अशी ओळ तुमच्या स्वतःच्या पत्त्याशिवाय दुसऱ्या कुठून आहे का ते बघा. मग राउटरचे सगळे नियम एकेक करून वाचा. सीसीटीव्ही बसवणाऱ्याने डीव्हीआरसाठी काही उघडून ठेवलंय का? पासवर्ड बदललाय का? २०१६ मध्ये मिराई नावाचा जो धुमाकूळ झाला तो अशाच कॅमेऱ्यांच्या आणि डीव्हीआरच्या कारखान्यातल्या पासवर्डवर. यूपीएनपी (यंत्रांना आपलं आपण पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, आणि राउटरचं स्वतःचं पान बाहेरून उघडायची सोय चालू असेल तर तीही.


उत्साही_अर्धवट · शनिवार, सकाळी ८:५०

ताई सॉरी. माझ्याकडे अजून डीएमझेड चालू आहे. आता बघतो.


माळ्यावरची_निगेटिव्ह · शनिवार, सकाळी ९:३५

काढलं. यशस्वी सगळ्या माझ्याच, १९२.१६८ वरून. डीव्हीआरचे दोन नियम सापडले, ८००० आणि ५५४, दोन्ही उडवले, यजमानांचं अ‍ॅप तरी चालतंय. डीव्हीआरचा पासवर्ड काय होता ते इथे लिहायची लाज वाटते.

उत्साही, तुम्ही सॉरी म्हणू नका. न विचारता करणारी मीच.


लाल_एसटी · शनिवार, सकाळी १०:१०

२२८३ ही तसं उघडं ठेवू नका. ते साधं एचटीटीपी आहे, तुमचा इमिचचा पासवर्ड वाटेत वाचता येईल असा जातो. एक डोमेन घ्या, सर्व्हरवर कॅडी (इमिचच्या पुढे उभा राहणारा वेब सर्व्हर) बसवा, बाहेरून फक्त ४४३ (कुलूपवाल्या एचटीटीपीएसचं पोर्ट) आत सोडा. कॅडी लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र आपलं आपण आणतो आणि नूतनीकरणही करतो. २२८३ चा नियम पुसून टाका. गिऱ्हाइकाला लिंक देताना इमिचमध्येच तिला मुदत आणि पासवर्ड लावता येतो, तेवढं लावा.


माळ्यावरची_निगेटिव्ह · पुढचा गुरुवार, रात्री ११:०५

झालं. स्टुडिओच्या नावाचं डोमेन, कॅडी, कुलूपवालं पान. नियम एकच उरलाय, ४४३. आठवड्यात सहा कुटुंबांना लिंक दिल्या. खेर्डीच्या एका काकूंनी एका फोटोतली सतरा माणसं नावानिशी लिहून पाठवली, अठराव्यापुढे "हा आमच्यातला नव्हे, जेवायला आलेला" असं.

एकच कटकट उरली. दुकानात बसून घरच्याच वायफायवरून लिंक उघडली तर उघडत नाही, सिमवरून लगेच उघडते. गिऱ्हाइकाला समोर दाखवायचं तर वायफाय बंद करावं लागतं, ते बरं दिसत नाही.


पॅकेटमास्तर · गुरुवार, रात्री ११:३०

तेच, पहिल्या दिवशी म्हटलं होतं ते. तुमचा राउटर आतल्या माणसाला बाहेरच्या दाराने परत आत घेत नाही. सेटिंगमध्ये "नॅट लूपबॅक" असं काही दिसलं तर चालू करा. नसेल तर राउटरच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणारी वही) तुमच्या डोमेनच्या नावापुढे १९२.१६८.०.५० लिहिता येतं का बघा, म्हणजे घरातले लोक थेट वरच्या मजल्यावर जातील आणि बाहेरचे बाहेरून येतील. तेही नसेल तर त्याच सर्व्हरवर पाय-होल (घरचा डीएनएस) बसवा. हा "पाय" आपला आहे, घाबरू नका.


माळ्यावरची_निगेटिव्ह · गुरुवार, रात्री ११:३८

लूपबॅक नाहीये यादीत. रविवारी पाय-होल करून बघते, लाइट राहिली तर. आणि बॅकअपची एक डिस्क परवा बहिणीकडे पुण्याला पाठवली, चौथ्या मजल्यावर राहते ती.